जुनी मराठी डीटीपी सॉफ्टवेअर लिनक्सवर वाइनच्या आधारे चालवता येतील का?

खिळेजुळारी यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे अक्षरजुळणीचे छोटे कार्यालय आहे. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिके, पतसंस्थांचे अहवाल आणि हंगामात एखाददुसरा दिवाळी अंक, असे कामाचे स्वरूप आहे. कार्यालयातील संगणकांवर विंडोज १० आहे. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची व प्रोसेसरची अट हे संगणक पूर्ण करीत नाहीत. यंत्रे ठणठणीत असताना केवळ या अटीपायी ती भंगारात काढावीत हे पटत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली बसवण्याचा विचार आहे.

आमचे काम तीन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे पानजुळणीचा पेजमेकर ७ हा प्रोग्राम, कारण गेल्या अनेक वर्षांची कामे त्याच्याच फायलींत आहेत आणि जुनी गिऱ्हाइके "मागच्या वर्षीचेच, फक्त नावे बदला" असे सांगत येतात. दुसरी म्हणजे मराठी टंकलेखनाचा एक जुना प्रोग्राम आणि त्याचे युनिकोडपूर्व (सर्व भाषांच्या अक्षरांना एकच ठरावीक क्रमांक देणारी पद्धत येण्याआधीचे) फॉन्ट. हा प्रोग्राम यूएसबीचे कुलूप, म्हणजे डोंगल, लावल्याखेरीज उघडत नाही. तिसरी म्हणजे लेबले छापणारा एक प्रिंटर, ज्याच्याबरोबर केवळ विंडोजचा ड्रायव्हर मिळाला होता.

विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन या साधनाविषयी बरेच वाचले. काहींच्या मते त्यावर सर्व काही चालते, तर काहींच्या मते काहीच धड चालत नाही, आणि या दोन्ही मतांवरून माझ्या कामाचे काय होईल याचा अंदाज बांधता येत नाही. हार्ड डिस्क पुसण्यापूर्वी यांतील काय चालेल, काय चालणार नाही आणि ते आधीच कसे ओळखावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शून्यप्रहर यांचा प्रतिसाद

आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे, कारण बहुतेक जण तो डिस्क पुसल्यानंतर विचारतात.

काय चालेल हे ओळखण्यासाठी वाइन नेमके काय करते ते समजून घ्यावे लागते. वाइन संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करीत नाही. विंडोजचा प्रोग्राम फाइल उघडणे, खिडकी काढणे, अक्षर रेखाटणे, स्मृतीतील जागा मागणे अशा प्रत्येक कामासाठी विंडोजच्या ठरावीक डीएलएलमधील (सामायिक कोडच्या फायलींतील) फंक्शनांना हाक मारतो. वाइनच्या कार्यकर्त्यांनी तीच फंक्शने त्याच नावांनी नव्याने लिहिली आहेत आणि आत ती लिनक्सच्या सोयी वापरून काम पुरे करतात. प्रोग्रामचा स्वतःचा कोड प्रोसेसरवर थेट चालतो. त्यामुळे वेगाची चिंता सहसा नसते. चिंता असते ती एवढीच, की आपल्या प्रोग्रामला लागणारे नेमके फंक्शन वाइनमध्ये पुरेसे हुबेहूब लिहिले गेले आहे की नाही.

यावरून एक कसोटी निघते: प्रोग्राम कोणाशी बोलतो ते पाहावे. तो विंडोजच्या नेहमीच्या फंक्शनांशी बोलत असेल, तर तो चालण्याची शक्यता बरीच असते, आणि प्रोग्राम जुना व स्वयंपूर्ण असेल तर ती आणखी वाढते. विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, स्वतःचा ड्रायव्हर घालून तो एखाद्या उपकरणाशी परस्पर बोलत असेल, तर मात्र आशा धरू नये. वाइनच्या खाली लिनक्सचा कर्नल असतो आणि विंडोजसाठी लिहिलेला हार्डवेअरचा ड्रायव्हर त्यात बसत नाही. काही अपवाद आहेत, परंतु धंद्याचे काम अपवादावर उभे करू नये.

ही कसोटी आपल्या तिन्ही गोष्टींना लावू. पेजमेकर ७ हा २००१ सालचा ३२ बिटांचा प्रोग्राम आहे. तो इंटरनेटवर कोणाला विचारत नाही आणि कर्नलमध्ये काही घालत नाही, त्यामुळे त्याला वाइनवर अवश्य बसवून पाहावे. त्या काळातील काही प्रोग्रामांचे इन्स्टॉलर १६ बिटांचे असत. ६४ बिटांच्या विंडोजने १६ बिटांचा आधार केव्हाच काढून टाकला, पण वाइनने तो जपला आहे. म्हणजे जे इन्स्टॉलर आज विंडोजवर हलत नाहीत ते कधीकधी लिनक्सवर बिनतक्रार चालतात.

कुलूपवाला प्रोग्राम मात्र बहुधा अडेल, कारण ते कुलूप ओळखण्यासाठी कर्नलमधील ड्रायव्हरच लागतो. कुलूप बनवणाऱ्या काही कंपन्या लिनक्ससाठीही आपली सेवा देतात, म्हणून विक्रेत्याला एकदा लेखी विचारावे. बाजारात कुलूप तोडलेल्या प्रती सर्रास मिळतात. कायद्याचा प्रश्न तर आहेच, शिवाय त्या प्रतींबरोबर आणखी काय येते हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून तो मार्ग मी सुचवणार नाही.

प्रिंटरचे उत्तर वेगळे आहे. वाइन विंडोजचा प्रिंटर-ड्रायव्हर वापरतच नाही. ते छपाईचा मजकूर पोस्टस्क्रिप्ट या पानवर्णनाच्या भाषेत करून लिनक्सच्या कप्स या छपाईव्यवस्थेकडे सोपवते. त्यामुळे "हा प्रिंटर वाइनवर चालेल का" असे न विचारता "तो कप्सवर चालतो का" असे विचारावे. लेबल प्रिंटरच्या काही प्रचलित आज्ञाभाषांचे ड्रायव्हर कप्सबरोबरच येतात. मिंट पेन ड्राइव्हवरून सुरू करून, काहीही न पुसता, हे पाच मिनिटांत तपासता येते.

वाचलेल्या मतांत एवढा टोकाचा फरक का, तेही सांगतो. वाइनचे काम १९९३ साली सुरू झाले, अलेक्झांडर ज्युलियार्ड १९९४ पासून त्याची धुरा वाहत आहेत, आणि तरीही १.० ही आवृत्ती यायला जून २००८ उजाडले. पुढे २०१८ साली संगणकीय खेळांच्या व्यवसायातील व्हॉल्व्ह कंपनीने वाइनवरच बेतलेले प्रोटॉन आणले आणि खेळांसाठी पैसा व माणसे ओतली. विंडोजच्या डायरेक्टथ्रीडी या चित्रणव्यवस्थेच्या आज्ञा लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कन या व्यवस्थेत उतरवणाऱ्या डीएक्सव्हीकेसारख्या साधनांमुळे अवजड खेळही आज लिनक्सवर चालतात. जिकडे पैसा गेला तिकडची वाट गुळगुळीत झाली. मराठी डीटीपीसाठी असा कोणी धनी उभा राहिलेला नाही. "सर्व काही चालते" असे म्हणणारा मनुष्य बहुधा खेळणारा असतो.

काळी_शाई यांचा प्रतिसाद

वरील विवेचन बरोबर आहे, परंतु निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. ज्याचे पोट या कामावर आहे त्याने वाइनच्या भानगडीत न पडता आभासी संगणक, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, उभारावा, असे माझे मत आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये किंवा लिनक्सच्या स्वतःच्या केव्हीएमवर विंडोज बसवले, की त्याच्या आत खरोखरचा विंडोज कर्नल असतो. यूएसबीचे कुलूप त्या आभासी संगणकाकडे जसेच्या तसे सोपवता येते, त्याचा ड्रायव्हर आत बसतो आणि टंकलेखनाचा प्रोग्राम उघडतो. वाइनवर जे अडते ते येथे अडत नाही.

आधार संपलेले विंडोज वापरण्याची भीती वाटत असेल, तर त्या आभासी संगणकाचे नेटवर्क कार्ड सेटिंगमध्येच बंद करून टाकावे. ज्याला जगाशी संबंधच नाही अशा विंडोजला अद्यतने मिळाली नाहीत तरी पानजुळणीचे काही अडत नाही. फायली लिनक्सच्या एका सामायिक फोल्डरमधून आत-बाहेर कराव्यात आणि ईमेल, इंटरनेट व गिऱ्हाइकांची ये-जा लिनक्सवर ठेवावी.

याचे तोटेही सांगतो. विंडोजचा परवाना लागतो, आणि यंत्राबरोबर आलेला परवाना आभासी संगणकासाठी वापरता येतोच असे नाही, तेव्हा त्याच्या अटी वाचाव्यात. चार जीबी स्मृतीच्या यंत्रावर लिनक्स आणि त्याच्या पोटात विंडोज १० हे ओझे झेपणार नाही. आठ जीबी तरी असावी. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अद्यतने देऊ केली आहेत, पण त्यांच्यामुळे निर्णय फक्त एक वर्ष पुढे ढकलला जातो.

खिळेजुळारी यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एका संगणकावर जुनी डिस्क काढून ठेवून नवी डिस्क लावली आणि तिच्यावर मिंट व वाइन बसवले. जुनी डिस्क कपाटात सुरक्षित आहे.

अपेक्षेपेक्षा बरे निष्पन्न झाले. पेजमेकर बसला, उघडला आणि एका पतसंस्थेचा जुना अहवालही त्याने उघडून दाखवला. लेबल प्रिंटर लिनक्सने परस्पर ओळखला. कुलूपवाला प्रोग्राम शून्यप्रहर यांनी सांगितल्याप्रमाणे कुलूप सापडत नसल्याचा संदेश देऊन बंद होतो.

परंतु पानांवरील मजकुराचा एक चमत्कारिक प्रकार झाला आहे. जुने फॉन्ट वाइनच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकले आहेत आणि पेजमेकरच्या यादीत ते दिसतातही. काना, मात्रा आणि बरीचशी अक्षरे व्यवस्थित उमटतात, मात्र अनेक अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे येतात. "व्यवस्थापन समिती" मधील "समिती" शाबूत आहे, पण "व्यवस्थापन" मधील अर्धा व आणि अर्धा स गायब आहेत. फॉन्ट खराब म्हणावा तर तोच फॉन्ट विंडोजवर नीट चालतो. मिंट बसवताना मी भाषा म्हणून मराठी निवडली होती, याचा काही संबंध असेल का?

शून्यप्रहर यांचा प्रतिसाद

संबंध आहे, आणि तुमच्या वर्णनावरून दुखणे तेच दिसते.

जुने मराठी फॉन्ट खरे तर इंग्रजी फॉन्टच्या सोंगात वावरतात. संगणकाच्या लेखी त्या फायलीत ए, बी, सी आणि युरोपीय चिन्हेच असतात. फक्त त्या जागांवर फॉन्टकाराने देवनागरी आकार बसवलेले असतात. आठ बिटांत २५६ जागा मिळतात. त्यांपैकी खालच्या १२८ जागांत नित्याची अक्षरे मावतात, आणि अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफाराचे निरनिराळे प्रकार यांची सोय वरच्या १२८ जागांत केलेली असते. नेमकी कोणती जागा कशाची हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवले होते.

आता या वरच्या जागांचा अर्थ कसा लावायचा हे विंडोजमध्ये कोडपेज, म्हणजे कोणत्या क्रमांकाला कोणते चिन्ह हे सांगणारा तक्ता, ठरवते. हे फॉन्ट १२५२ क्रमांकाचे पश्चिम युरोपीय कोडपेज गृहीत धरून बनवलेले असतात, आणि आपल्याकडील विंडोज बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच बसवलेले असल्यामुळे तेच कोडपेज आयते मिळत असे. वाइन मात्र आपले कोडपेज लिनक्सच्या भाषा-निवडीवरून ठरवते. विंडोजच्या व्यवस्थेत मराठीला स्वतःचे आठ बिटांचे कोडपेज नाही; ती केवळ युनिकोडवर चालणाऱ्या भाषांत मोडते. त्यामुळे मराठी निवडल्यावर १२८ च्या वरच्या जागांचा अर्थ बिघडू शकतो आणि खालच्या जागा शाबूत राहतात. तुमच्या पानावर नेमके हेच घडलेले दिसते.

यासाठी सगळे मिंट इंग्रजी करण्याची गरज नाही. पेजमेकरच्या शॉर्टकटमधील आज्ञेच्या आधी भाषा ठरवणाऱ्या एलसी_ऑल या चलाला अमेरिकन इंग्रजीचे मूल्य द्यावे, म्हणजे तेवढाच प्रोग्राम इंग्रजी वातावरणात सुरू होईल. अमेरिकन इंग्रजीचे लोकेल (भाषेची मांडणी) यंत्रावर तयार असल्याची आधी खात्री करावी, नाहीतर हे मूल्य देऊनही उपयोग होणार नाही. वाइन आधीच चालू असेल तर ते पूर्ण बंद करून मग सुरू करावे.

याच संदर्भात आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो. वाइन आपला सारा संसार एका फोल्डरमध्ये मांडते. त्याला प्रिफिक्स म्हणतात आणि त्यात सी ड्राइव्ह व रजिस्ट्री (प्रोग्रामांच्या सेटिंगची नोंदवही) दोन्ही असतात. रजिस्ट्री तर साध्या मजकुराच्या फायलींत असते. पेजमेकरसाठी वेगळा प्रिफिक्स करावा, सर्व काही मनासारखे जमले की त्या अख्ख्या फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी आणि नंतर त्यात नवे प्रयोग करू नयेत. पुढे काही बिघडले तर तो फोल्डर परत जागेवर ठेवला की काम भागते. विंडोजवर एखादा प्रोग्राम असा उचलून ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. तुमच्याकडे गिऱ्हाइके पेन ड्राइव्ह घेऊन येत असणार, आणि त्यांत काय काय असते ते आपण सर्व जाणतोच. लिनक्स आहे म्हणून विंडोजचा व्हायरस चालणारच नाही असे समजू नये. वाइनवर इतर प्रोग्राम चालतात तसा तोही चालू शकतो आणि तुमच्या खात्याला ज्या फायली उघडतात त्या सर्व त्यालाही उघडतात. वाइन मुळातच संपूर्ण लिनक्स डिस्क झेड ड्राइव्ह म्हणून दाखवते. सेटिंगच्या खिडकीत जाऊन तो ड्राइव्ह काढून टाकावा आणि कामाचा एकच फोल्डर वेगळे अक्षर देऊन जोडावा. वाइन रूट, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या, खात्यावरून कधीही चालवू नये.

मात्रावेलांटी यांचा प्रतिसाद

चर्चा वाचत होतो. पेजमेकर चालला ही आनंदाची गोष्ट आहे, पण त्यात नवे काम करीत राहावे असे मला वाटत नाही. पेजमेकरला युनिकोड कळत नाही आणि कधी कळणारही नाही, कारण ७ नंतर त्याची आवृत्तीच निघाली नाही. शिवाय तुमच्या टंकलेखनाचा भार त्या कुलपावर आहे. कुलूप बिघडले आणि विक्रेत्याने ते बनवणे थांबवले असेल, तर वाइन, आभासी संगणक, काहीही असले तरी हात बांधले जातील.

टंकलेखनाची दुसरी मर्यादाही लक्षात घ्यावी. असे प्रोग्राम कळफलकावरील प्रत्येक कळ मधल्यामध्ये झेलून तिच्या जागी फॉन्टमधील खूण पाठवतात. उद्या ते कुलूप चालले, तरी हे झेलण्याचे काम वाइनमध्ये चालणाऱ्या खिडक्यांपुरतेच होईल. लिब्रेऑफिससारख्या लिनक्सच्या स्वतःच्या प्रोग्रामात त्याचा उपयोग होणार नाही.

म्हणून नव्या कामासाठी लिनक्समधील मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आणि स्क्राइबस हा पानजुळणीचा प्रोग्राम वापरावा. स्क्राइबस १.६ जानेवारी २०२४ मध्ये आले आणि त्यात देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात, पूर्वीच्या १.४ मध्ये ती जुळत नसत, आणि अनेकांचे स्क्राइबसविषयीचे वाईट मत त्याच काळातील आहे. एक काळजी मात्र घ्यावी: मजकुराच्या शैलीत भाषा मराठी अशी निवडावी. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, त्यांत भाषा सांगितल्याखेरीज हिंदी वळणाची अक्षरे येतात, आणि शाळेच्या वार्षिकात ती दिसली की मराठीच्या बाई प्रूफ परत पाठवतात. मुक्ता, बालू यांसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट उपलब्ध आहेत, म्हणजे फॉन्टसाठीही पुन्हा कुलपात अडकायला नको.

आता जुन्या फायलींविषयी. लिब्रेऑफिस ड्रॉ २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फायली उघडते. पानाची मांडणी थोडीफार टिकते, पण मजकूर जुन्या फॉन्टच्या खुणांतच राहतो. तो युनिकोडमध्ये आणणे हे खरे काम आहे. त्यासाठी परिवर्तक मिळतात, परंतु तुमच्या नेमक्या फॉन्ट-कुटुंबाचा तक्ता त्यात हवा, आणि परिवर्तनानंतर मुद्रितशोधन केल्याशिवाय एक ओळही छापायला देऊ नये.

चुका कोठे होतात हे "वार्षिक" या एका शब्दावरून कळेल. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जातात: व, काना, मग षच्या आधी पहिली वेलांटी, मग ष, त्यानंतर डोक्यावरचा रफार आणि शेवटी क. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो: व, काना, पाय मोडलेला र, ष, मग वेलांटी आणि क. म्हणजे एकाच अक्षरात वेलांटी पुढून मागे न्यावी लागते आणि रफार मागून पुढे आणावा लागतो. त्यातच काही फॉन्टांत वेलांटी व रफार यांची मिळून एकच खूण असते, काहींत अनुस्वारही तिच्यातच मिसळलेला असतो. साधा परिवर्तक येथे गोंधळतो आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. असा शब्द वरवर वाचताना डोळ्यांना खटकत नाही, म्हणून रफार असलेले शब्द शोधून वेगळे तपासावेत. आडनावांच्या याद्यांत तर ही तपासणी सोडूच नये; पतसंस्थेच्या अहवालात सभासदाचे नाव चुकले तर पुढची वार्षिक सभा त्याच विषयावर होते.

सरसकट सर्व फायलींचे परिवर्तन करण्याच्या मात्र फंदात पडू नये. जे काम पुन्हा आले तेच नव्यात आणावे आणि उरलेले जुन्या रूपात वाइनच्या आश्रयाला राहू द्यावे.

खिळेजुळारी यांचा प्रतिसाद

एलसी_ऑलचा उपाय तत्काळ लागू पडला. व्यवस्थापन समिती पूर्ववत झाली. प्रिफिक्सची प्रत काढून ठेवली आणि झेड ड्राइव्हही काढून टाकला.

सध्याची विभागणी अशी ठरवली आहे. नवे अहवाल व अंक स्क्राइबसमध्ये करायचे. लग्नपत्रिकांचे जुने नमुने पेजमेकरमध्येच राहतील. कुलूपवाला प्रोग्राम दुसऱ्या, आठ जीबीच्या संगणकावर आभासी विंडोजमध्ये, इंटरनेट बंद ठेवून, बसवला आहे आणि तेथे त्याने कुलूप ओळखले. कार्यालयातील जुन्या सहकाऱ्यांचा हात त्या कळफलकावर बसलेला असल्यामुळे तो एकदम बंद करणे शक्य नाही.

आता शेवटचा प्रश्न. छापखाना आमच्याकडून पीडीएफ मागतो. विंडोजवर त्यासाठी वेगळा प्रोग्राम होता. वाइनमधील पेजमेकरमधून खात्रीलायक पीडीएफ कशी काढावी? एकदा फॉन्टशिवाय पीडीएफ गेली की प्लेटवर सगळीकडे युरोपीय चिन्हे उमटतात, आणि तो खर्च आमच्याच अंगावर पडतो.

काळी_शाई यांचा प्रतिसाद

मिंटमध्ये कप्स-पीडीएफ नावाचा आभासी प्रिंटर बसवावा. तो पेजमेकरच्या प्रिंटरयादीत इतर प्रिंटरांसारखाच दिसतो. त्यावर छापले की तयार फाइल घरच्या फोल्डरमधील पीडीएफ या नावाच्या फोल्डरात जाते. छापण्यापूर्वी कागदाचा आकार दोन्हीकडे जुळवावा. डेमी किंवा क्राउनसारखे आकार कप्सच्या यादीत सहसा नसतात, म्हणून मोठ्या आकारावर छापून कटिंगच्या खुणा चालू ठेवणे सोपे जाते.

फाइल छापखान्याला पाठवण्यापूर्वी टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) पीडीएफफॉन्ट्स ही आज्ञा त्या फाइलवर चालवावी. ती फाइलमधील प्रत्येक फॉन्टची एक ओळ दाखवते आणि तो फॉन्ट आत अंतर्भूत आहे की नाही हे एका रकान्यात हो-नाही असे सांगते. एका जरी ओळीत "नाही" आले, तरी ती फाइल पाठवू नये. रकाना ठीक असला तरी एखादे पान दुसऱ्या, जेथे तो जुना फॉन्ट बसवलेलाच नाही अशा, संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर उघडून पाहावे. आपल्याच यंत्रावर पाहिले तर फॉन्ट तेथे असल्यामुळे खोटा दिलासा मिळू शकतो.

हे सर्व एकरंगी, काळ्या मजकुराच्या पानांसाठी आहे. विंडोजच्या नेहमीच्या चित्रणव्यवस्थेत रंग लाल-हिरवा-निळा असेच सांगितले जातात, त्यामुळे मुखपृष्ठाचे चार रंग या वाटेने सुटे काढण्याच्या फंदात मी पडत नाही. मुखपृष्ठ स्क्राइबसमध्ये करावे. तेथे चार रंगांची व्यवस्था मुळातच आहे, आणि पीडीएफ काढताना "छपाईसाठी" हा पर्याय निवडता येतो. रंगीत लग्नपत्रिकांचे जे नमुने पेजमेकरमध्ये आहेत, त्यांतला मजकूर काळ्यात वेगळा छापून घ्यावा आणि मागची नक्षी स्क्राइबसमध्ये ठेवून त्यावर ती पीडीएफ बसवावी. पहिल्या वेळी जुळवायला वेळ जातो, नंतर नमुना तयार असतो.